रपट्यापलीकडचं गाव आणि दुरुस्तीचा पैसा

भंडारा जिल्ह्यातल्या लाखांदूर तालुक्यात आवळी नावाचं गाव आहे. एका अंगाला वैनगंगा, दुसऱ्या अंगाला चुलबंद. उन्हाळ्यात तिथे जायला फारशी अडचण नाही. पावसाळ्यात दोन्ही नद्या फुगल्या की गाव तुटतं आणि डोंगा हाच रस्ता उरतो. दवाखान्यात न्यायची बाळंतीण, रेशनचं धान्य, जळालेली पाण्याची मोटर, सगळं त्याच वाटेने.

समुद्राचा थेंबही नसलेल्या भंडारा जिल्ह्यात बेटांचा विषय काढला की ऐकणाऱ्याला नवल वाटतं. पण पूर आला की ‘गावाला बेटाचं स्वरूप’ हे शब्द इथल्या वर्तमानपत्रांत हमखास दिसतात. पाणी ओसरतं, बातमी संपते. ज्या गावाबद्दल ती छापून आली, त्याचं काम मात्र तेव्हा सुरू होतं. रस्त्याचा भराव गेलेला असतो, विहिरीत गाळ बसलेला असतो, विजेचा खांब कललेला असतो, शाळेच्या भिंतींनी ओल धरलेली असते. हे सारं पुन्हा उभं करायला आणि पुढच्या पावसापर्यंत उभं ठेवायला सरकारी पैसा कुठून येतो, किती येतो आणि पाण्यापलीकडच्या गावाला तो अपुरा का पडतो, हे समजून घ्यायला हवं. कारण या प्रश्नाचं उत्तर नदीपेक्षा हिशेबाच्या पद्धतीत जास्त दडलेलं आहे. निधी येतो तो माणसं मोजून. खर्च होतो तो अंतर आणि पाणी मोजून. या दोन मोजमापांमध्ये जी फट आहे, तिच्यात ही गावं सापडतात.

गावं तुटतात कशी, ते आधी पाहू. वैनगंगा मध्य प्रदेशातल्या शिवनी जिल्ह्यात उगम पावते आणि भंडारा जिल्ह्यातून दक्षिणेकडे जाते. बावनथडी, सूर, कन्हान, चुलबंद अशा नद्या तिला येऊन मिळतात. प्रदेश सपाट, धानाचा. नदी काठावरून बाहेर पडली की पाणी वाहून जाण्यापेक्षा पसरतं. शिवाय हे पाणी इथल्याच पावसाचं असेल असं नाही. २०२० च्या ऑगस्टअखेर जो महापूर आला, त्यातला मोठा पाऊस मध्य प्रदेशात पडला होता. शिवनीकडच्या संजय सरोवरातून सोडलेलं पाणी आणि उपनद्यांचं पाणी एकत्र आलं, गोसीखुर्द धरणाचे सगळे म्हणजे ३३ दरवाजे उघडावे लागले आणि भंडारा शहराच्या वस्त्यांसकट नदीकाठची कितीतरी गावं पाण्याने वेढली गेली. वर ऊन पडलेलं असताना खाली पूर येऊ शकतो, हे त्या वर्षी सगळ्यांनी पाहिलं.

दुसरं कारण माणसाने केलेलं. पवनी तालुक्यात वैनगंगेवर गोसीखुर्दचं इंदिरासागर धरण आहे. २२ एप्रिल १९८८ रोजी राजीव गांधींच्या हस्ते त्याचं भूमिपूजन झालं. सुरुवातीचा अंदाज ३७२ कोटींचा होता, तो पुढे कित्येक पटींनी वाढला आणि प्रकल्पाला राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा मिळाला. धरणाची पूर्ण संचय पातळी २४५.५० मीटर आहे. पुनर्वसन रखडल्याने पाणी या पातळीपर्यंत एकदम न भरता टप्प्याटप्प्याने वाढवत न्यावं लागलं. ज्यांची घरं आणि शेती बुडाली त्यांचं दुःख मोठं, पण त्यांची निदान सरकारदरबारी ‘बाधित’ म्हणून नोंद झाली. ज्याचं घर वर राहिलं आणि वाट बुडाली, किंवा शेत कोरडं राहिलं आणि शेताकडे जाणारा पांदण रस्ता पाण्यात गेला, त्याची गणना कशात करायची, हा वाद वर्षानुवर्षं चालत आला आहे.

तिसरं कारण सगळ्यात साधं आणि सगळ्यात जास्त ठिकाणी आढळणारं: रपटा.

रपटा म्हणजे नाल्यावरचा ठेंगणा पूल. खाली पाइप टाकलेले, वर काँक्रीटचा थर, दोन्ही बाजूंना भराव घालून रस्त्याला जोडलेला. पाणी वाढलं की ते वरून जावं, अशीच त्याची रचना असते. उंच पुलाच्या मानाने खर्च फार कमी, म्हणून लहान गावांच्या वाट्याला बहुधा रपटाच येतो. त्याचं आयुष्य ठरतं ते काँक्रीटवर नव्हे, देखभालीवर. पुरात वाहून आलेली काटेरी झुडपं, धसकटं, प्लास्टिक पाइपच्या तोंडाशी अडकतं. पाइप बुजला की पाणी वरून जायला लागतं आणि कडेचा भराव कोरतं. पहिल्या वर्षी कडेचा मुरूम जातो. वेळीच दगड रचून, मुरूम टाकून दाबला तर पुढचा पावसाळा निघतो. नाही केलं तर दुसऱ्या वर्षी भरावात खड्डा पडतो, बैलबंडी कशीबशी निघते पण रुग्णवाहिका निघत नाही. तिसऱ्या वर्षी रपटा मधोमध उभा राहतो आणि दोन्ही बाजूंचे जोडरस्ते गेलेले असतात. पाइप साफ करायला चार मजूर आणि एक दिवस पुरला असता, तिथे आता नव्या पुलाचा प्रस्ताव लागतो. पावसाआधीची सफाई आणि पावसानंतरचा मुरूम, या दोन कामांना कुणी नारळ फोडत नाही. म्हणून ती राहून जातात.

आता पैशाची वाट. महाराष्ट्रात जिल्हा परिषदेच्या आवारात कुणाशीही बोला, रस्त्यांचं बोलणं आकड्यांतून होतं. ‘तीस चोपन्न’ आणि ‘पन्नास चोपन्न’. सरकारी जमाखर्चात प्रत्येक खर्चाला एक लेखाशीर्ष असतं. ३०५४ हे रस्ते आणि पुलांवरच्या महसुली खर्चाचं, व्यवहारात देखभाल-दुरुस्तीचं. ५०५४ हे त्यांच्याच भांडवली खर्चाचं, म्हणजे नवं बांधण्याचं. गावातल्या मूलभूत सुविधांसाठी आमदारांच्या तोंडी असतो तो ‘पंचवीस पंधरा’. नैसर्गिक आपत्तीतल्या मदतीचं शीर्ष २२४५. एकाच रपट्याची ही चार नशिबं. तो नवा होत असेल तर एका खात्यातून, डागडुजी होत असेल तर दुसऱ्या, पुरात गेला असेल तर तिसऱ्या आणि लोकप्रतिनिधीने सुचवला असेल तर चौथ्या.

त्यात रस्ता कुणाच्या मालकीचा हा प्रश्न असतोच. ग्रामीण मार्ग आणि इतर जिल्हा मार्ग जिल्हा परिषदेकडे, त्यांहून वरच्या दर्जाचे रस्ते सार्वजनिक बांधकाम विभागाकडे. प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेतून झालेला रस्ता पहिली पाच वर्षं बांधणाऱ्या कंत्राटदारानेच सांभाळायचा असतो. ही अट मला त्या योजनेतली सगळ्यात शहाणपणाची गोष्ट वाटते, कारण तिथे बांधणं आणि सांभाळणं एकाच करारात बांधलेलं आहे. पण पाच वर्षं संपली की तो रस्ता जिल्हा परिषदेच्या लांबलचक यादीत जातो आणि तिथे ‘तीस चोपन्न’ची वाट बघत थांबतो. वस्ती मोठी, वाहतूक जास्त, त्या रस्त्याचा नंबर आधी लागतो. तुटणारं गाव बहुधा रस्त्याच्या शेवटी असतं. त्याच्या पलीकडे काही नसल्यामुळे त्या रस्त्यावर वाहनं कमी, आणि वाहनं कमी म्हणून तो यादीत खाली.

ग्रामपंचायतीच्या हातात थेट पडणारा पैसा म्हणजे वित्त आयोगाचा. १५ व्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या पाच वर्षांत देशातल्या ग्रामीण स्थानिक स्वराज्य संस्थांसाठी २,३६,८०५ कोटी रुपयांची शिफारस केली. आकडा ऐकून डोळे दिपतात, म्हणून तो गावापर्यंत आणून पाहायला हवा. वर्षाला झाले सुमारे ४७ हजार कोटी. २०११ च्या जनगणनेत ग्रामीण भारताची लोकसंख्या ८३ कोटींच्या वर होती. भागाकार केला की माणशी वर्षाला ५७० रुपयांच्या आसपास येतात. महाराष्ट्रात यातले ८० टक्के ग्रामपंचायतीला, १० टक्के पंचायत समितीला आणि १० टक्के जिल्हा परिषदेला ठरले होते. म्हणजे ग्रामपंचायतीच्या पदरात माणशी साधारण साडेचारशे रुपये. ८०० वस्तीचं गाव धरलं तर वर्षाला साडेतीन लाखांच्या घरात. हा देशपातळीवरच्या सरासरीवरून काढलेला अंदाज आहे. राज्याराज्यांत आणि वर्षावर्षांत तो थोडा इकडेतिकडे होतो, पण त्याची जात बदलत नाही.

या साडेतीन लाखांपैकी ६० टक्के बंधित निधी होता, निम्मा स्वच्छतेसाठी आणि निम्मा पिण्याचं पाणी, जलसंधारण वगैरेंसाठी. उरलेला ४० टक्के अबंधित, म्हणजे दीड लाखाच्या आत. गावाच्या गरजेप्रमाणे खर्च करायचा तो हाच. त्यातही पगार आणि आस्थापनेवर खर्च करता येत नाही. ही अट का घातली ते समजतं. नाहीतर सगळा निधी पगारातच जाईल, ही भीती खरी आहे. पण पुरात तुटणाऱ्या गावात ही अट वेगळ्या तऱ्हेने लागते. तिथे पावसाळ्याचे चार महिने डोंगा हा रस्ता असतो आणि डोंगा चालवणारा धीवर हा त्या रस्त्याचा भाग असतो. डांबराच्या रस्त्यावर खडी टाकली तर ती देखभाल. नाव चालवणाऱ्याला मेहनताना दिला तर तो वेतनासारखा दिसतो आणि लेखापरीक्षणात त्यावर बोट ठेवलं जाईल, ही धास्ती ग्रामसेवकाला असते. मग गाव वर्गणी काढतं, किंवा नावाडी माणुसकीवर काम करतो.

आणि हा निधी राज्याराज्यांत वाटताना लोकसंख्येला ९० टक्के आणि क्षेत्रफळाला १० टक्के वजन होतं. क्षेत्रफळाचं वजन ठेवलं, त्यामागे विखुरलेल्या वस्तीला सेवा पोचवणं महाग पडतं हा विचार आहे, आणि तो बरोबर आहे. पण जमीन किती हे मोजलं जातं, त्या जमिनीपर्यंत पोचायला मध्ये पाणी किती हे मोजलं जात नाही. गाव वर्षातले किती दिवस तुटलेलं असतं, याला या सूत्रात कुठेही जागा नाही.

किमतीचा फरक पडतो तो कुठे? एखाद्या पाणीपुरवठा विहिरीवरचा पंप जळाला, असं समजा. रस्त्यावरच्या गावात मिस्त्री दुपारी येतो, संध्याकाळी मोटर काढून नेतो, दोन दिवसांत पाणी सुरू. तुटलेल्या गावात आधी मिस्त्री यायला तयार व्हावा लागतो. मोटर उचलून नावेत, पलीकडे काठावर, तिथून गाडीत. परतीला तेच उलटं. पाण्याचा जोर वाढला तर नाव निघत नाही आणि दुरुस्त झालेली मोटर पलीकडच्या काठावर पडून राहते. सिमेंट, गिट्टी, वाळू आणायची म्हटलं तर चढवणं-उतरवणं दुप्पट. अंदाजपत्रकात ‘लीड’ धरतात, म्हणजे साहित्य जिथून आणायचं तिथपासून कामापर्यंतचं अंतर. पण ते ट्रकचं अंतर असतं. ट्रक जिथे थांबतो तिथून पुढे काय, याचा दर काढणं अवघड. परिणाम असा होतो की लहान कामाची निविदा भरायला कंत्राटदार पुढे येत नाही, आणि आलाच तर काम उन्हाळ्यावर ढकलतो.

उन्हाळ्यावर ढकलण्याचं दुसरं कारण कागदांत आहे. पूर ओसरतो सप्टेंबरात. पंचनामे होतात, मग उपअभियंता मोजमाप घेऊन अंदाजपत्रक करतो. त्याला तांत्रिक मान्यता, मग प्रशासकीय मान्यता, मग निविदा, मग कार्यारंभ आदेश. मध्येच निवडणुकीची आचारसंहिता लागली तर सगळं जागच्या जागी थांबतं. निधी मंजूर असला तरी ‘बीडीएस’ निघेपर्यंत, म्हणजे संगणकावरून पैसे वितरित होईपर्यंत, हाती काही नसतं. यातली एकही पायरी निरर्थक नाही. प्रत्येक पायरी कुठल्या ना कुठल्या गैरव्यवहारानंतर आली आहे. पण भरावावर मुरूम टाकण्याच्या कामाला आणि कोट्यवधींच्या पुलाला एकच जिना चढायला लावला की मुरूम मे महिन्यात पडतो. मुरुमाला दबायला एखाददुसरा हलका पाऊस लागतो. तो मिळण्याआधी पहिला मोठा पूर येऊन ताजा मुरूम घेऊन जातो. काम झालं, बिल निघालं, रस्ता नाही. यात कुणी पैसे खाल्लेच असतील असं नाही. नुसता महिना चुकला तरी एवढं होतं.

आपत्तीचा निधी वेगळा. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीत महाराष्ट्रासाठी केंद्राचा वाटा ७५ टक्के आणि राज्याचा २५ टक्के. पुरात मोडलेल्या सार्वजनिक मालमत्तेची तातडीची, तात्पुरती दुरुस्ती त्यातून होऊ शकते, तीही ठरलेल्या बाबींची आणि ठरलेल्या दरांनी. हा निधी संकटासाठी आहे आणि तसाच असायला हवा. पण दरवर्षी किंवा वर्षाआड येणारं संकट हे संकट राहत नाही, तो त्या गावाचा ऋतू असतो. त्याची तरतूद नेहमीच्या अंदाजपत्रकात व्हायला हवी.

देखभालीचं काम गावाकडून कचेरीकडे गेलं की काय होतं, हे भंडारा जिल्ह्याने एकदा फार जवळून पाहिलं आहे. भंडारा आणि गोंदिया हे १९९९ पर्यंत एकच जिल्हा होते, तलावांचा जिल्हा म्हणून ओळखले जाणारे. गोंड राजांच्या काळापासून कोहळी समाजाने इथे तलाव बांधले. उताराचा अंदाज घेऊन मातीची पाळ, पाणी सोडायला तुडूम, जादा पाणी निघून जायला सलंग. दरवर्षी पाळ बघायची, तुडूम साफ करायचं, गाळ काढून शेतात टाकायचा, हे सगळं पाण्याच्या हक्काशी जोडलेलं होतं. ज्याच्या बांधीत पाणी येतं, त्याने श्रम द्यायचे. ती व्यवस्था न्यायाची होती असं मी म्हणणार नाही. मालगुजारीत, म्हणजे सारावसुलीच्या जुन्या जमीनदारी व्यवस्थेत, जबरदस्ती होती, वेठ होती, आणि धीवरांसारख्या समाजांना मान कमीच होता. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली, ते योग्यच झालं. तलाव सरकारजमा झाले. पुढे महाराष्ट्रात जिल्हा परिषदा स्थापन झाल्यावर १०० हेक्टरपर्यंत सिंचनक्षमता असलेले तलाव त्यांच्याकडे गेले. एकट्या भंडाऱ्यात असे माजी मालगुजारी तलाव हजाराहून अधिक आहेत. मालकी आली, पण तलावामागे दरवर्षीची दुरुस्ती करायला पुरेल असा पैसा आला नाही, आणि श्रम देण्याची जुनी रीत तर मोडलीच होती. गाळ साचला, सलंग फुटले, काही तलावांत बेशरम आणि जलपर्णी माजली, काहींच्या पोटात अतिक्रमणं झाली. २०१७ मध्ये ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना आली, तिच्यात शेतकऱ्याने गाळ स्वखर्चाने वाहून न्यायचा होता. गाळाची गरज ज्याला आहे त्याच्याकडे देखभालीचा एक भाग सोपवण्याची जुनीच कल्पना तिच्यात पुन्हा आली.

पुनर्वसित गावांत हीच गोष्ट निराळ्या रूपात दिसते. गोसीखुर्दसारख्या प्रकल्पात नव्या गावठाणाला १८ नागरी सुविधा द्यायच्या असतात: अंतर्गत रस्ते, गटारं, पिण्याचं पाणी, शाळा, समाजमंदिर, स्मशानभूमी, वीज वगैरे. २०१३ मध्ये राज्य सरकारने गोसीखुर्दच्या बाधितांसाठी जवळपास १२०० कोटींचं विशेष पॅकेजही मंजूर केलं. बांधायचा पैसा आहे. सांभाळायचा कुणाचा? सुविधा पूर्ण करून ग्रामपंचायतीकडे हस्तांतरित करायच्या, मग तिने त्या चालवायच्या, असा नियम. नळयोजना अर्धवट आहे म्हणून ग्रामपंचायत ताबा घेत नाही. काम झालं आहे म्हणून प्रकल्पाचं खातं पुढे खर्च करत नाही. मधल्या काळात टाकीची गळती दोघांचीही नसते. आणि ताबा घेतला तरी पथदिव्यांचं आणि पंपाचं वीजबिल आलं की ग्रामपंचायतीच्या घरपट्टी-पाणीपट्टीची लायकी उघडी पडते. ज्यांची शेती गेली, ज्यांना रोजगारासाठी नागपूर गाठावं लागतं, त्यांच्याकडून पूर्ण पाणीपट्टीची अपेक्षा कशी धरायची?

इथे आणखी एक भार आहे, जो लोकसंख्येच्या सूत्रात कधीच दिसणार नाही. नागपूर शहराचं सांडपाणी नाग नदीतून कन्हानेत आणि पुढे वैनगंगेच्या जलाशयात येतं. काठच्या गावांनी आणि भंडारा शहरानेही याबद्दल वर्षानुवर्षं तक्रारी केल्या आहेत. जलजीवन मिशनचं उद्दिष्ट माणशी दिवसाला ५५ लिटर शुद्ध पाणी देण्याचं आहे. स्वच्छ झऱ्याचं पाणी शुद्ध करणं आणि महानगराच्या सांडपाण्याने दूषित झालेलं पाणी शुद्ध करणं, यांचा खर्च एक कसा असेल? ज्याने पाणी घाण केलं त्याने खालच्या गावाच्या शुद्धीकरणाचा वाटा उचलावा, ही मागणी मला पूर्णपणे न्याय्य वाटते.

जगात दुसरीकडे याचा विचार झाला आहे. जपानने १९५३ मध्येच दूरच्या बेटांच्या विकासासाठी स्वतंत्र कायदा केला. तो दहा वर्षांच्या मुदतीचा होता आणि प्रत्येक मुदत संपताना वाढवला गेला, शेवटचा २०२२ मध्ये. त्यातली मुख्य गोष्ट अशी की बेटावरच्या बंदर, रस्ता, शाळा यांसारख्या कामांत केंद्र सरकार आपला वाटा मुख्य भूमीपेक्षा जास्त ठेवतं. दर दहा वर्षांनी संसदेत चर्चा होणं भाग पडतं, हाही त्याचा फायदा. स्कॉटलंडने २०१८ मध्ये बेटांसाठी कायदा केला. तिथे कुठलंही धोरण किंवा सेवा बदलताना बेटांवरच्या लोकांवर त्याचा काय परिणाम होईल, हे सार्वजनिक संस्थांना तपासावं लागतं. आपल्याकडे ब्रह्मपुत्रेतलं माजुली २०१६ मध्ये स्वतंत्र जिल्हा झालं. मुंबईच्या नजरेच्या टप्प्यात असलेल्या घारापुरीला मात्र समुद्राखालून केबल टाकून वीज पोचायला २०१८ साल उजाडावं लागलं.

महाराष्ट्रालाही ही कल्पना परकी नाही. डोंगरी विकास कार्यक्रम १९९०-९१ पासून चालू आहे. डोंगराळ तालुक्यांना त्यातून वेगळा निधी मिळतो, कारण चढावरचा रस्ता करणं आणि राखणं महाग असतं हे सरकारने मान्य केलं. भूगोल महाग आहे म्हणून निधी वेगळा, हे तत्त्व डोंगराला लागू होतं तर पाण्याला का नको? त्यासाठी नवा विभाग किंवा नवं महामंडळ नको. जिल्हा नियोजन समितीने गावाच्या संपर्क तुटण्याच्या दिवसांवर आधारलेलं एक वजन ‘तीस चोपन्न’च्या वाटपात धरलं, तरी मोठा फरक पडेल. दुसरी गोष्ट म्हणजे, पुरानंतरच्या एका ठरावीक रकमेपर्यंतच्या मुरूम-दगडाच्या कामाला ग्रामपंचायतीनेच, दसऱ्याच्या आत, फोटो आणि मोजमाप ठेवून हात घालावा, अशी आगाऊ मान्यता. तिसरी, डोंगा आणि नावाडी यांना ‘रस्ता’ मानून त्यांच्या खर्चाला स्पष्ट मुभा. ज्या गावात वर्षाचे कित्येक आठवडे नाव हीच वाट आहे, तिथे नावेला डांबर लावणं ही रस्त्याचीच देखभाल आहे.

भंडाऱ्याला यासाठी एक संधीही मिळाली होती. राज्यातल्या बहुतेक जिल्हा परिषदांवर २०२२ पासून प्रशासक बसले, तेव्हा भंडारा आणि गोंदियात डिसेंबर २०२१ आणि जानेवारी २०२२ मध्ये निवडणुका होऊन लोकांनी निवडलेले सदस्य सभागृहात आले. निवडून आलेली संस्था असणं ही वित्त आयोगाच्या निधीची अटही आहे. प्रश्न मांडायला सभागृह होतं, माणसं होती. पण तुटणाऱ्या गावांची नोंद कुठे आहे, हा प्रश्न तिथेही आधी सोडवावा लागतो. तहसील कार्यालयाकडे पूरप्रवण गावांची यादी असते, ती बचावासाठी: कुठे बोट ठेवायची, कुणाला हलवायचं, सूचना कुणाला द्यायची. निधी वाटपाच्या टेबलावर ती यादी पोचत नाही.

म्हणून गावाच्या हातात जे आहे ते गावाने लिहून ठेवायला सुरुवात करावी, असं मला वाटतं. ‘आमचा गाव, आमचा विकास’ आराखड्याची तयारी २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेपासून सुरू होते आणि जिल्हा नियोजन समितीचा पुढच्या वर्षाचा आराखडा साधारण हिवाळ्यात ठरतो. पूर ओसरल्यावर मिळणारे आठवडे नेमके कामाचे. जूनपासून गाव कोणत्या तारखेला तुटलं, कोणत्या तारखेला वाट मोकळी झाली, त्या दिवसांत शाळा किती दिवस बंद राहिली, किती रुग्ण नावेतून न्यावे लागले, नळाचं पाणी किती दिवस आलं नाही, मोटर नेण्या-आणण्याला प्रत्यक्ष किती खर्च आला, हे पोलीस पाटील, आशाताई, ग्रामसेवक आणि शाळेचे गुरुजी यांच्या सह्यांनिशी एका वहीत आलं, तर तो पुरावा होतो. आराखड्यात नव्या कामांच्या यादीच्या वर ‘देखभाल’ असं वेगळं कलम घालावं आणि त्यात रपट्याचे पाइप मे महिन्यात साफ करणं, ऑक्टोबरात भराव भरणं, नावेची दुरुस्ती, पंपाचा एक सुटा संच गावातच ठेवणं, ही कामं रकमेसह लिहावीत. ग्रामसभेचा ठराव आणि वहीची नक्कल पंचायत समितीत द्यावी, पोच घ्यावी, आणि एक प्रत आपल्या गटाच्या जिल्हा परिषद सदस्याकडे पोचवावी. नियोजन समितीच्या बैठकीत आकडा मागितला जातो, आणि गावाकडे तो तारखेनिशी तयार असायला हवा.